स्वातंत्र्यदिन हा मुळात हिशोबाचा दिवस होता

नंदगडला गेलाय का कधी? बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यातच येतंय. तिथं संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीवर वडाचं मोठं झाड आहे, लोक जातात, नवस बोलतात, मूल व्हावं म्हणून पाळणे बांधतात. लहानपणी आम्हाला कळायचंच नाही हे देवाचं ठिकाण की लढवय्याचं. आणि तिथली एक गोष्ट अशी की बाहेरच्या पाव्हण्याला सांगितली की तो दोनदा विचारून घेतो, खरं काय म्हणून. रायण्णाचा जन्म १५ ऑगस्टचा मानतात आणि त्याला फाशी झाली २६ जानेवारी १८३१ ला. देशाच्या दोन्ही मोठ्या दिवसांच्या तारखा एकाच माणसाच्या जन्मावर आणि मरणावर, आणि तो माणूस गेला तेव्हा तिरंगा नव्हता, संविधान नव्हतं, स्वातंत्र्य या शब्दाचा आजचा अर्थसुद्धा कुणाच्या डोक्यात नव्हता.

मग तो लढला कशासाठी, हे एकदा नीट बघूया, कारण पुढचं सगळं समजायला तिथूनच सुरुवात केलेली बरी.

कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा दत्तक वारस कंपनी सरकारनं मानला नाही, ऑक्टोबर १८२४ मध्ये लढाई झाली, त्यात धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला, पण डिसेंबरात कंपनीची मोठी फौज आली आणि कित्तूर पडलं. राणींना बैलहोंगलला कैदेत ठेवलं, तिथंच १८२९ ला त्या वारल्या. रायण्णा त्यांचा माणूस. त्याच्या जमिनीतली काही सरकारनं काढून घेतली आणि जी उरली तिच्यावर सारा वाढवून ठेवला, आणि हे एकट्याचंच नाही, आजूबाजूच्या कितीतरी घरांचं असंच झालेलं. मग त्यानं माणसं जमवली, जंगलात राहून गनिमी काव्यानं लढला, सरकारी कचेऱ्यांवर हल्ले केले, आणि लोक अजून सांगतात ते म्हणजे त्यानं कागद जाळले. जमिनीचे, कर्जाचे, साऱ्याचे कागद. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण तेव्हा आपल्याकडच्या रयतेला परकी सत्ता म्हणजे कोण लांबचा राजा दिसतच नव्हता, दिसायचा तो कागद, ज्यावर आपल्याला न विचारता कुणीतरी आपला हिशोब मांडून ठेवलाय आणि तो चुकीचा आहे म्हणायची सोय नाही.

म्हणजे आमच्या भागात स्वातंत्र्याची भूक सुरू झाली ती हिशोबावरनं. आणि गंमत नाही सांगत, शंभर वर्षांनी देशपातळीवर जे झालं ते पण हिशोबावरनंच झालं, फक्त आपण ते विसरलोय, आणि आजच्या १५ ऑगस्टमध्ये तोच भाग नेमका गळालाय. हेच सोपं करून सांगायचा प्रयत्न करतोय.

कित्तूरच्या लढाईनंतर बरोबर शंभर वर्षांनी, डिसेंबर १९२४ ला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते इथं. टिळकवाडीत आज वीर सौध आहे ना, त्या बाजूला, अधिवेशनासाठी खणलेली विहीर तिथं अजून आहे, रस्त्याला काँग्रेस रोड म्हणतात ते पण त्यामुळंच. गंगाधरराव देशपांडे यांनी सगळा बंदोबस्त केलेला, ते टिळकांच्या तालमीतले, त्यांना कर्नाटक सिंह म्हणायचे. डिसेंबर २०२४ ला या अधिवेशनाला शंभर वर्षं झाली म्हणून अख्खं शहर लाइटिंगनं उजळलं होतं, आम्ही पोरांना घेऊन बघायला गेलो, फार देखणं होतं, खोटं कशाला बोलू. पण घरी येताना पोरानं विचारलं की तिथं ठरलं काय होतं, तर गाडीतल्या चौघांपैकी एकालाही सांगता आलं नाही.

तर त्या अधिवेशनात एक गोष्ट ठरली ती अशी. काँग्रेसचा मेंबर व्हायचं तर चार आणे टाकून भागणार नाही, महिन्याला दोन हजार वार सूत द्यायचं, हातानं कातलेलं. स्वतः कातायला जमत नसेल तर दुसऱ्याकडनं कातून घ्या, पण सूत द्या. नियम फार टिकला नाही, पुढच्याच वर्षी सैल केला, पण त्यामागचा विचार बघा. देशावर प्रेम आहे हे तोंडानं सांगितलेलं मोजता येत नाही, सूत मोजता येतं. वकील असो, जमीनदार असो, विणकर असो, वार तेवढेच.

आता खरा मुद्दा. भारताचा पहिला स्वातंत्र्यदिन कधी झाला? आपण म्हणणार १५ ऑगस्ट १९४७. नाही. २६ जानेवारी १९३०. स्वातंत्र्य मिळायच्या सतरा वर्षं आधी.

कसं ते सांगतो. डिसेंबर १९२९ ला लाहोरला काँग्रेसनं ठरवलं की आता वसाहतीचं स्वराज्य वगैरे अर्धवट काही नको, पूर्ण स्वराज्य पाहिजे, आणि मग जानेवारीच्या सुरुवातीला काँग्रेसच्या कार्यकारिणीनं ठरवलं की २६ जानेवारी हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळायचा. गावोगाव लोकांनी जमायचं, झेंडा लावायचा आणि एक प्रतिज्ञा आपापल्या भाषेत वाचायची. भाषणं नाहीत. आज कुणाला पटणार पण नाही, स्वातंत्र्यदिन आणि भाषण नाही! फक्त वाचन आणि हात वर करून होकार. आणि बाकीचा दिवस कामात घालवायचा असं गांधीजींनी सांगितलेलं, सूत काता, अस्पृश्य म्हणून लांब ठेवलेल्यांची सेवा करा, हिंदू-मुसलमानांत सलोखा करा, दारूबंदीचं काम करा.

त्या प्रतिज्ञेत काय होतं? मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलेलं की भारतमातेचं वर्णन असणार, पराक्रम असणार. निघाला सरळ जमाखर्च. आपलं सरासरी उत्पन्न दिवसाला सात पैसे. तेव्हा रुपयाला चौसष्ट पैसे होते, त्या हिशोबानं आजच्या मोजणीत अकरा पैसे धरा. आपण जो जड कर भरतो त्यातला वीस टक्के शेतकऱ्याच्या साऱ्यातून येतो, तीन टक्के मिठावरच्या करातून, आणि मिठाचा कर गरिबाला सगळ्यात जास्त बोचतो. हातानं सूत कातण्यासारखे गावचे धंदे मोडले, त्यामुळं शेतकरी वर्षातले किमान चार महिने रिकामा बसतो. बोलायचा आणि एकत्र जमायचा हक्क नाही. शिक्षण असं की माणूस आपल्याच मातीपासून तुटतो. आणि सुरुवातीलाच एक वाक्य होतं त्याचा मतलब असा की कुठलंही सरकार लोकांचे हे हक्क काढून घेत असेल तर ते बदलायचा लोकांना अधिकार आहे. कुठलंही सरकार, फक्त इंग्रजांचंच असं नाही.

लक्षात येतंय का? स्वातंत्र्यदिन पहिल्यांदा पाळला तेव्हा मिळालेलं काहीच नव्हतं. मिरवायला काही नव्हतंच. म्हणून त्या दिवशी लोकांनी येणं किती आहे त्याची यादी वाचली. दुकानदार दिवाळीला वही उघडतो तसं. १९३० पासून सतरा वर्षं हा दिवस असाच पाळला गेला, बंदी असताना, लाठ्या खात.

मग १५ ऑगस्ट कुठनं आला, असं विचाराल. ती तारीख माउंटबॅटन साहेबांनी निवडली. दुसऱ्या महायुद्धात जपान शरण आल्याला त्या दिवशी दोन वर्षं होत होती म्हणून. आपल्या लोकांनी स्वतः निवडलेली तारीख २६ जानेवारीच, आणि ती वाया जाऊ नये म्हणूनच संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला तयार होऊनसुद्धा पूर्ण अंमलात आणलं २६ जानेवारी १९५० ला. दोन महिने थांबले त्या तारखेसाठी. एवढी किंमत होती तिला.

आणि १५ ऑगस्ट १९४७ ला गांधीजी दिल्लीत नव्हतेच. कलकत्त्याला एका मुसलमान मालकाच्या पडक्या घरात होते, उपास आणि प्रार्थना करत, कारण फाळणीच्या दंग्यांत माणसं मरत होती. ज्याला आपण राष्ट्रपिता म्हणतो त्यानं तो १५ ऑगस्ट उपाशी राहून काढला, हे शाळेत एका ओळीत येऊन जातं, मला तरी ती ओळ ओलांडून पुढं जाता येत नाही.

बरं, हिशोबात मागणी काय होती तेही बघायला पाहिजे ना. १९३१ च्या मार्चमध्ये कराचीच्या अधिवेशनात तिची यादी झाली, ती वाचताना मला सारखं वाटत होतं की हा तर आजच्या आमच्या पंचायतीतला अर्ज आहे. प्राथमिक शिक्षण फुकट. कामगाराला जगण्यापुरती मजुरी. शेतसारा कमी. मिठावर कर नाही. प्रत्येक प्रौढ माणसाला मत. बाईला बरोबरीचा हक्क. अल्पसंख्याकांची आणि वेगवेगळ्या भाषांच्या भागांची संस्कृती, भाषा, लिपी जपली जाईल. आणि एक तर कमालीचं कलम, सरकारी अधिकाऱ्याला साधारणपणे महिना पाचशे रुपयांच्या वर पगार नाही. सत्ता आपल्या हातात आल्यावर आपणच साहेब होऊन बसू, ही भीती त्यांना तेव्हाच होती.

या सगळ्याचं सार म्हणजे संविधानाची उद्देशिका. आता कर्नाटकात शाळांमध्ये ती रोज वाचून घेतात, चांगलंय, आमच्या पोरांना तोंडपाठ आहे. पण अर्थ फोडून सांगायला कुणाला वेळ नाही, म्हणून थोडक्यात. त्यात चार शब्द आहेत, न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता. पहिला शब्द स्वातंत्र्य नाहीये, बघा नीट. पहिला न्याय, आणि तो पण तीन प्रकारचा, सामाजिक, आर्थिक आणि राजकीय, आणि याच क्रमानं. मतदानाचा हक्क म्हणजे राजकीय न्याय, तो शेवटी आलाय, कारण ज्याच्या पोटाला नाही आणि ज्याला विहिरीवर येऊ देत नाहीत त्याला मत देऊन त्याचं अर्धंच काम होतंय, असा त्यामागचा विचार मी समजतो.

बाबासाहेबांनी हे अगदी उघड सांगून ठेवलेलं. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीतल्या शेवटच्या मोठ्या भाषणात ते म्हणाले त्याचा आशय असा, की २६ जानेवारी १९५० ला आपण एका विसंगतीच्या आयुष्यात शिरतोय, राजकारणात एक माणूस एक मत आणि प्रत्येक मताची किंमत सारखी, पण समाजात आणि पैशाअडक्यात विषमता तशीच राहणार, आणि ही विसंगती आपण लवकर काढली नाही तर ज्यांना ती सोसावी लागते ते लोक हा सगळा डोलारा उधळून लावतील. विचार करा, ज्या माणसानं एवढं मोठं संविधान उभं केलं तो ते देशाच्या हातात देतानाच सांगतोय की बाकी अजून येणे आहे. आमच्या भागाचं आणि त्यांचं नातं पण जुनं आहे, १९२५ ला निपाणीला बहिष्कृत वर्गाच्या परिषदेला ते आलेले, म्हणजे बेळगाव अधिवेशनानंतर चारेक महिन्यांत. एकाच जिल्ह्यात, एकाच हिवाळ्या-उन्हाळ्यात एकीकडं सुताचा हिशोब आणि दुसरीकडं पाणवठ्याचा. दोन्ही मिळून स्वातंत्र्य होतं.

आता जमेची बाजू पण सांगायलाच पाहिजे, नाहीतर हिशोब कसला. १९५१ च्या जनगणनेत देशात शंभरातले अठराच लोक साक्षर होते, २०११ ला चौऱ्याहत्तर. पहिल्याच निवडणुकीत प्रत्येक प्रौढ बाईपुरुषाला मत दिलं. आणि आमच्या घरातलं सांगतो. आजोबा कुळ होते, जमीन दुसऱ्याची, राबणार आम्ही. १९७४ ला देवराज अर्सूंच्या काळात कर्नाटकात कूळकायदा कडक झाला, कसेल त्याची जमीन, आणि त्यासाठी सात नंबरचा फॉर्म भरायचा होता. आजोबांना सही येत नव्हती, अंगठा लावला. ज्या दिवशी उताऱ्यावर नाव चढलं त्या दिवशी त्यांनी तो कागद देवघरात ठेवून हळदकुंकू वाहिलं असं आजी सांगायची. रायण्णानं जो कागद जाळला त्याच्या उलटा हा कागद. माझ्यासाठी आमच्या घरात स्वातंत्र्य त्या दिवशी आलं, सत्तेचाळीसला नाही, आणि असं म्हणताना सत्तेचाळीसचा मान जराही कमी करत नाही, ते झालं नसतं तर हा फॉर्मच निघाला नसता.

पण मग त्याच जमिनीतल्या तंबाखूला भाव मागायला १९८१ ला निपाणीला शेतकरी हायवेवर बसले, शरद जोशींचं ते आंदोलन, आणि एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मेले. इंग्रज जाऊन चौतीस वर्षं झालेली. आणि २०२० मध्ये कायदा बदलून शेतकरी नसलेल्यालासुद्धा शेतजमीन घ्यायला मोकळीक मिळाली, तेव्हा आमच्या गावात बेळगाव-गोव्याकडच्या गाड्या फिरायला लागल्या. विकणाऱ्याला चार पैसे जास्त मिळतात हे पण खरंय, म्हणून मी एकदम वाईट म्हणत नाही. पण ज्याच्यासाठी सात नंबर फॉर्म होता ते स्वप्न आणि हे, यांचा एकमेकांशी काय संबंध, हे १५ ऑगस्टच्या सकाळी कुणीतरी बोलायला नको का?

आणि आपण बोलतो काय? आपण बोलतो झेंड्याबद्दल.

झेंड्याबद्दल माझ्या मनात काही खोट नाही. पहाटे उठून पोरांचे पांढरे कपडे इस्त्री करायचे, सेवादलाच्या पोरांची रांग, प्रभातफेरी, झेंडा वर जाऊन फुलं पडली की आजही माझ्या अंगावर काटा येतो. ही रांग कुठनं आली ते पण आपल्याच भागातलं आहे, हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर, त्यांनी १९२३ ला हिंदुस्तानी सेवादल काढलं, झेंड्यासमोर शिस्तीत कसं उभं राहायचं हे त्यांच्या पोरांनी गावोगाव शिकवलं. आणि झेंडा सामान्य माणसाच्या घरावर वर्षभर लावायला पूर्वी परवानगीच नव्हती. २००२ ला ध्वजसंहिता आली, २००४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सन्मानानं झेंडा लावणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे, मग २०२२ ला घरोघरी तिरंगा झाला. झेंडा ऑफिसातनं घरात आला ही चांगलीच गोष्ट झाली.

मला त्रास होतो तो कापडाचा. नीट ऐका. झेंडा खादीचाच का होता? देखण्यासाठी नव्हे. त्या प्रतिज्ञेतलं वाक्य आठवा, सूतकताई मोडली म्हणून शेतकरी चार महिने रिकामा. म्हणजे झेंड्याचं कापड हेच त्या वाक्याचं उत्तर होतं, जो झेंडा लावेल तो नकळत कुणाला तरी चार महिन्यांचं काम देईल. १९३१ च्या झेंड्यावर मधे चरखाच होता, २२ जुलै १९४७ ला घटना समितीनं आजचा झेंडा मंजूर केला तेव्हा तिथं चोवीस आऱ्यांचं चक्र आलं, पण कापड हातानं कातलेलं, हातानं विणलेलं हा नियम राहिला. हे काम आपल्या शेजारीच होतंय. हुबळीच्या बेंगेरीत झेंडे शिवतात, कापड धारवाड जिल्ह्यातल्या गरगहून आणि बागलकोटकडनं येतं, बहुतेक सगळ्या बायका कामाला. आमच्या बेळगाव जिल्ह्यात हुदली, गंगाधररावांचं गाव, १९३७ ला गांधीजी तिथं येऊन राहिलेले, तिथं अजून खादीचं काम चालतं. ३० डिसेंबर २०२१ ला नियम बदलला, मशीनवरचा आणि पॉलिस्टरचा झेंडा पण चालेल असं झालं. म्हणून घरोघरी स्वस्तात झेंडा मिळाला, हे मान्य, गरिबाला खादीचा झेंडा परवडत नाही हे पण खरं. पण पुढच्याच वर्षी, देशात सगळ्यात जास्त झेंडे फडकले त्याच वर्षी, बेंगेरीच्या लोकांना काम वाचवायला आंदोलनाला बसावं लागलं. बेळगावात विणकरांच्या वडगाव, खासबागला जाऊन मागाचा आवाज ऐका, किती माग बंद पडलेत ते तिथली माणसं सांगतील, विणकराला कापडाचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

बेळगावात किल्ला तलावाजवळ ११० मीटरचा ध्वजस्तंभ उभारलाय, २०१८ पासून. लांबनं, हायवेवरनं दिसतो, पाव्हणे फोटो काढतात. उंची मीटरमध्ये मोजता येते. १९२४ ला सूत वारात मोजलेलं. दोन्ही मोजमापंच आहेत, आणि एका शहराला दोन्ही लक्षात ठेवता येतात असं मला वाटतं.

चौथा शब्द राहिला, बंधुता. इथं मी जरा हळू बोलणार, कारण हा आमच्या दुखऱ्या जागेचा विषय आहे.

सीमाभागातलं माणूस असाल तर वेगळं सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली, आम्ही मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलो, तेव्हापासून त्या एकाच तारखेला अर्धं शहर राज्योत्सव करतं आणि अर्धं काळा दिवस पाळतं. सीमालढ्यातले जानेवारी १९५६ चे हुतात्मे आहेत, १९८६ च्या जूनचे आहेत, २००४ पासून सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा दावा आहे. त्यावर मी इथं निकाल देणार नाही. पण घटनेच्या बाजूनं एक सांगतो. ज्या १९५६ ला रेषा आखली त्याच वर्षी सातवी घटनादुरुस्ती करून ३५० अ कलम घातलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतनं मिळायची पुरेशी सोय प्रत्येक राज्यानं करावी म्हणून. म्हणजे रेषा आखणाऱ्यांना माहीत होतं की रेषा कशीही आखली तरी कुणीतरी चुकीच्या बाजूला राहणारच, आणि राहिलेल्या माणसाला आपण परका झालो असं वाटता कामा नये. कराचीच्या यादीतलं तेच वचन, पंचवीस वर्षांनी कायद्यात आलं. आमचं मराठीतलं कागदपत्र मागणं, मराठी शाळेला मास्तर मागणं, हे त्या वचनाची वसुली आहे, देशाविरुद्ध काही नाही. आणि हेच वचन जतमधल्या, अक्कलकोटमधल्या कन्नड पोरांना पण तेवढंच लागू आहे, त्यांच्या शाळेला मास्तर नसेल तर आमच्या पोटात दुखायला पाहिजे. नाहीतर ती बंधुता नव्हे, भाऊबंदकी झाली. शब्द बघा की, दोन्ही एकाच बंधू शब्दापासनं निघालेत, आणि आमच्या भागाइतकं त्यातलं अंतर कुणी सोसलेलं नाही.

म्हणून १५ ऑगस्ट मला एवढा प्रिय आहे. आमच्या गावच्या आवारात मराठी शाळा आणि कन्नड शाळा एकाच मैदानावर आहेत, वर्षभर मधे अदृश्य भिंत, त्या दिवशी एकच झेंडा, एकाच ताटातले बुंदीचे लाडू. शेजारची कन्नड अक्का माझ्या आईच्या हाताला धरून उभी असते, दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच येते, पण राष्ट्रगीत दोघींना पाठ.

आता शेवटचं, आणि हे आपल्यातल्या फार कमी लोकांना माहितीय. कर्नाटकात १५ ऑगस्ट झाला की त्यानंतरच्या महिनाभरात प्रत्येक ग्रामपंचायतीत जमाबंदी होते. जमाबंदी हा शब्द जुना, रायण्णाच्या काळचा, तेव्हा साहेब गावात यायचा आणि कुणाकडनं किती सारा घ्यायचा ते ठरवायचा. आज त्याच शब्दाचा अर्थ उलटा झालाय. आज पंचायतीनं वर्षभरात किती पैसे आले आणि कुठं खर्च केले ते लोकांसमोर ठेवायचं, वह्या उघडायच्या, बाहेरचा अधिकारी येऊन तपासतो, केलेली कामं जागेवर जाऊन बघतो, आणि गावातला कुणीही उभं राहून विचारू शकतो. साहेब रयतेचा हिशोब घ्यायचा, आता रयत घेते. दोनशे वर्षांच्या लढाईचं एवढं सरळ फळ दुसरं कुठलं दाखवता येईल सांगा.

पलीकडं चंदगडला माझी सासुरवाडी, तिथं महाराष्ट्रात झेंडावंदन झालं की त्याच दिवशी ग्रामसभा बसते, ते बघून मला आपल्याकडच्या जमाबंदीची चौकशी करावीशी वाटली. गेल्या वर्षी पहिल्यांदा गेलो. झेंड्याला मैदान भरलेलं, जमाबंदीला मोजून अकरा माणसं, त्यातली चार पंचायतीचीच. अधिकारी बाईंनी वही वाचायला घेतली, कन्नडमध्ये. मागं खाली बसलेली आमच्या गल्लीतली एक वैनी उठली, रोजगार हमीवर जाणारी, शाळा चौथीपर्यंत, म्हणाली, मॅडम, मराठीत पण सांगा की, आमच्या गल्लीच्या गटारीचे पैसे किती लागले ते मला कळलं पाहिजे. बाई थांबल्या. शेजारच्या कन्नड अक्कानं, तीच माझ्या आईचा हात धरणारी, तिनं खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाली, तुम्ही वाचा मॅडम, मी सांगते तिला. मग एकेक आकडा दोन भाषांत वाचला गेला, गटार, दिवाबत्ती, पाण्याची मोटार, शाळेचं कुंपण, आणि संपायला दुपारचे अडीच वाजले.